नवसागर आणि केवडा

रस्त्याने जाणाऱ्या त्या बाईने पदर नाकाला लावला नसता, तर आपण कशापाशी उभे आहोत हे आण्णाप्पाला कळलेही नसते. बेळगावात मारुतीराव वकिलांच्या घरासमोर, गटाराच्या कडेला, तो सकाळपासून उभा होता. वकील पूजेत होते. त्याची बायको अक्काताई आत सोप्यावर भिंतीला टेकून बसली होती, आणि त्याला आत बसवत नव्हते म्हणून तो बाहेर आला होता. भाजीची पाटी डोक्यावर घेतलेली ती बाई दोन पावले मागे सरली आणि म्हणाली, "अवं अण्णा, गटारात घूस मरून पडलीया की! तितंच काय हुबं ऱ्हायलाय? का नाक घरी ठिवून आलाय?" आणि आपल्याच बोलण्यावर हसत ती पुढे निघून गेली. आण्णाप्पाने खाली पाहिले. फुगलेली, माश्यांनी काळी झालेली घूस त्याच्या वहाणांपासून वीतभर अंतरावर पडली होती. त्याने लगबगीने खांद्यावरचा रुमाल नाकाशी धरला, कपाळाला आठ्या घातल्या, तोंड वळवले. किती महिन्यांच्या सवयीने हे सोंग त्याच्या अंगवळणी पडले होते! वळताना दारात उभी असलेली अक्काताई त्याला दिसली. तिने सारे पाहिले होते. परंतु एखाद्या वडीलधाऱ्या माणसाचे धोतर सुटावे आणि पाहणाऱ्याने आपणच नजर फिरवावी, तशी ती शांतपणे तुळशीकडे पाहू लागली. त्या नजर फिरवण्याबद्दल त्याच्या मनात जी कृतज्ञता दाटली, तिला त्या क्षणी शब्द नव्हता. आताशा पुष्कळ गोष्टींना त्याच्यापाशी शब्द नसे.

तो निपाणीचा पारखी होता. तंबाखूच्या हंगामात वखारीच्या अंगणात तागाच्या कापडात शिवलेले बोद रचले जात, शेतकरी एका बाजूला आणि व्यापारी दुसऱ्या बाजूला बसत, आणि मध्ये आण्णाप्पा. तो बोदाची शिवण उसवी, कोपरापर्यंत हात आत घाली, पोटातली मूठभर पाने काढी आणि डोळे मिटून हुंगे. बस्स, तेवढेच. पाने परत टाकून त्याने मान हलवली की माल पसंतीला उतरला, आणि हात झटकला की शेतकऱ्याने मुकाट्याने बैल जुंपायचे. त्यावर कोणी वाद घालीत नसे. गंध हा पृथ्वीचा गुण आहे असे शास्त्रकार मानतात. आण्णाप्पाला शास्त्र ठाऊक नव्हते, पण कोणते पान काळ्या रानातले, कोणते माळावरचे, कोणत्याला कापणीनंतर दव लागले आणि कोणते घाईने बांधले, हे त्याला पृथ्वी स्वतः सांगत असे. त्या एका श्वासासाठी त्याच्या घराने व्रत पाळले होते. त्याने आयुष्यात विडी ओढली नाही, अत्तर लावले नाही. बाजाराच्या दिवशी घरात हिंगाची फोडणी पडत नसे, उदबत्ती लागत नसे. आणि अक्काताई केसांत फूल माळीत नसे. खानापूरकडच्या ओढ्याकाठच्या गावची ती मुलगी. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या अंबाड्यात केवड्याचे पान होते. सासूने उंबऱ्यातच ते काढून घेतले आणि म्हणाली, "पोरी, ह्या घरात वास एकाच्याच नाकात जायाचा." पुढे सासू गेली, परंतु केवडा पुन्हा घरात आला नाही. आण्णाप्पा आजवर या व्रताला आपले व्रत समजत आला होता.

आणि मग भाद्रपदात ती मोटार. सौंदत्तीहून यल्लम्माचे दर्शन घेऊन तो परतत होता. तवंदीचा घाट उतरताना वाटेत म्हशीचे रेडकू आडवे आले, सर्व्हिस मोटार चरात कलंडली, आणि आण्णाप्पाचे डोके मागे लोखंडी दांड्यावर आदळले. रक्ताचा थेंबही आला नाही. वाटेवरच्या दवाखान्यात कोणीतरी त्याला आपल्या बोटाकडे पाहायला लावले, पुडी दिली आणि देवाचे नाव घेऊन घरी धाडले. शेजाऱ्यांनी नारळ फोडला. त्या नारळाचे खोबरे चावताना आपण भिजलेली चिंधी चावतो आहोत असे त्याला वाटले होते. ते अंगातल्या तापामुळे असेल असे तो मनाशी म्हणाला. पुढे ताप नव्हता, तरी आमटी नुसते ऊन पाणी लागे. समोर तांब्या असे आणि त्याचे नाव जिभेवर येत नसे. तो "ते, ते" म्हणत बोट दाखवी. अंगणात भांडे पडले तरी डोक्यात घण बसल्यासारखे होई. ज्याने कधी बैलावर चाबूक उगारला नाही, त्याने एके दुपारी भरले ताट भिंतीवर फेकले आणि मग तिथेच बसून लहान मुलासारखा रडला. गल्लीत लोक कुजबुजले. कोणी म्हणाले घाटातली बाधा, कोणी म्हणाले म्हातारचळ. उतारे झाले, लिंबे झाली. वरून डोके तर साबूत दिसत होते. साबूत मडक्यातले दही आतल्या आत फुटले आहे, हे बाहेरून कोणाला दिसावे?

हंगामाचा पहिला दिवस त्याला अजून आठवे आणि आठवताच तळपायाला घाम येई. त्याने बोदात हात घातला, मूठ नाकाशी आणली, डोळे मिटले, आणि काहीच झाले नाही. विहिरीत पोहरा सोडावा, दोर सरसर संपत जावा, आणि पाण्याचा आवाजच येऊ नये, तसे झाले. त्याने पुन्हा श्वास घेतला. सगळे अंगण त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होते. तम्मण्णा, ज्याची ती वखार, पोथीला बसल्यासारखा हात जोडून बसला होता. आणि आण्णाप्पाने मान हलवली. पडसे असेल, दोन दिवसांत उतरेल. मग ती मान साऱ्या हंगामभर हलत राहिली. बोटे होती ना! पानाचा लवचीकपणा, शिरेचा कडकपणा, अंगठ्याला लागणारा चीक, यांवर तो रेटत गेला, आणि बहुतेक वेळा बोटांनी त्याला तारलेही. परंतु भावकू नावाच्या एका शेतकऱ्याचा माल आत घुसमटलेला होता. वरून रेशीम, पोटात बुरशी. ज्याला नाक आहे त्याने शिवण उसवतानाच तोंड फिरवले असते. तो माल तम्मण्णाच्या थप्पीत गेला, आतून तापला, आणि वैशाखात वखार उघडली तेव्हा शेजारची सारी रासही सडलेली होती.

"दुसऱ्या कुनी ही चूक केली असती तर मी हसलो असतो," तम्मण्णा सगळ्यांदेखत म्हणाला होता. "पर आण्णाप्पा, तुझं नाक चुकत न्हाय. उभी निपाणी सांगंल. मग चुकलं काय? तुझं इमान!" आण्णाप्पाने उत्तर दिले नाही. उत्तर एकच होते आणि ते सांगितले की तो पारखी राहत नव्हता. भावकूशी संगनमत करून फसवणूक केली अशी फिर्याद झाली. आणि गंमत पाहा, त्याच्यावरचा सर्वांत मोठा पुरावा त्याची कीर्ती हाच होता. ज्याच्यावर लोकांनी इतकी वर्षे विश्वास ठेवला, त्याचे इंद्रिय खोटे पडेल हे कोणाच्या कल्पनेतही आले नाही. मन खोटे पडले हे मात्र सर्वांना लगेच पटले.

अक्काताईला कळले ते एका तिन्हीसांजेला. ती पाणी आणायला गेली होती. तो डोके धरून वाकळेवर पडला होता, आणि शेगडीतला निखारा उडून वाकळेचे टोक धुमसू लागले. त्याचे डोळे चुरचुरले म्हणून त्याने ते मिटून घेतले. दुसरे काही त्याला जाणवले नाही. ती आली ती घागरीसकट. वाकळेवर पाणी ओतून, धापा टाकत ती त्याच्यापुढे बसली.

"तुमास्नी वास येत न्हाय," ती म्हणाली. विचारले नाही, नुसते म्हणाली.

तो वाकळेच्या भिजल्या टोकाकडे पाहू लागला.

"मोटारीतनं पडल्यापास्नं येत न्हाय. व्हय ना? मी बाजाराच्या दिशी हिंगाची फोडनी टाकून बघितली. एकदा न्हाय, चारदा. तुमी रागं भरला न्हाईसा. एरवी दोन घरांपलीकडं हिंग पडला तरी तुमी दार लावून घ्यायचासा."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी बोलशीला म्हनून वाट बघत हुतो."

आपल्या आत जे मोडले आहे त्याला दुसऱ्या कोणीतरी नाव दिले, एवढ्यानेच आण्णाप्पाच्या छातीवरची शिळा हलली. बाधा नव्हे, चळ नव्हे, पाप नव्हे; पडल्यापासून. तो रडला, पण हे रडणे त्या ताटानंतरच्या रडण्यासारखे नव्हते. ती म्हणाली, तिच्या माहेरच्या शिवेला ज्यांची शेती आहे ते मारुतीराव बेळगावात वकिली करतात, त्यांच्याकडे जाऊ. त्याने कबूल केले, आणि एक वचन मागितले: "नाकाचं कुटं बोलू नगंस. चोर म्हनत्यात तेवढं बास. आता आंधळा बी म्हनायला नगो." तिने वचन दिले, आणि ते ती पाळत होती. म्हणूनच आज तुळशीकडे पाहत होती.

वकिलांनी हाक मारली तेव्हा दोघे आत गेले. मारुतीराव जाडजूड, सावकाश बोलणारे गृहस्थ होते. समोर कागद होते, पण ते कागदांकडे पाहत नव्हते. "आण्णाप्पा, मी सरळ सांगतो," ते म्हणाले. "माल तुम्ही उतरवलात. माल सडका होता. तुम्ही म्हणता लाच घेतली नाही. मग उतरवलात का? ह्या 'का'ला उत्तर नसेल तर मी कितीही ओरडलो तरी हिंडलग्याचा तुरुंग काही दूर नाही. तुम्ही काहीतरी लपवताय." त्याने अक्काताईकडे पाहिले. ती बोलेल असे त्याला वाटले. बोलावे असेही वाटले. पदराचे टोक बोटाला गुंडाळीत ती जमिनीकडे पाहत राहिली, आणि त्या मौनात तिने त्याचा मान त्याच्या हातात परत ठेवला आहे हे त्याला उमगले. बाहेरच्या गटारातली ती घूस त्याला आठवली. वीतभर अंतरावरच्या मरणाला आपण रुमाल लावून फसवू पाहतो आहोत!

"मला वास येत न्हाय, वकीलसायेब," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"मोटार कलंडली तवापास्नं. आनि नुसता वास न्हाय. नावं आठवत न्हाईत. आवाज सोसत न्हाय. राग कुटनं येतोय कळत न्हाय. मी मी ऱ्हायलो न्हाय बगा. हिनंच वळखलं ते."

मारुतीरावांनी समोरचे कागद बाजूला सारले. मग त्यांनी चष्मा काढला. त्यांचा थोरला भाऊ पलटणीत होता, मोठ्या लढाईत समुद्रापार बसऱ्याला गेला होता. परतला तो धडधाकट. एक ओरखडा नाही. "आणि सहा महिन्यांत आम्ही त्याला वेडा ठरवला," ते म्हणाले. "वडिलांनी तर आळशी ठरवला. पुढे कॅम्पातल्या एका डॉक्टराने सांगितलं की तोफगोळ्याच्या दणक्याने मेंदू कवटीत हादरतो, बाहेर खूण राहत नाही. ते ऐकलं तेव्हा भाऊ हयात नव्हता." त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "तुम्ही हयात आहात. तुमच्या बायकोने वेळेवर ओळखलं." मग त्यांनी सावकाशपणे समजावले: कोर्टाला अर्ज करू, डॉक्टरांकडून दोन्ही पक्षांसमोर तपासणी मागू. मोटारवाल्यावर दावा लावायचा का, तेही पाहू, पण आधी नावावरचा हा डाग. "मात्र एक लक्षात ठेवा. हे सिद्ध झालं तर तुम्ही सुटाल, आणि पुन्हा कोणी तुमच्यापुढे बोद सोडणार नाही. चालेल?"

आण्णाप्पाच्या डोळ्यांपुढे वखारीचे अंगण आले. चोर म्हणून तुरुंगात गेला तरी लोक म्हणतील, बेइमान होता, पण काय नाक होते! या विचाराचीही एक गोडी होती, आणि ती गोडी किती दिवस आपण चघळत होतो हे पाहून तो चपापला. तेव्हा अक्काताई पहिल्यांदा बोलली. "मला तुमी घरात पायजे. नाक असू दे न्हायतर नसू दे. हिंडलग्याला डबा घिऊन हेलपाटं मारायला लावू नगा." वकील हसले. आण्णाप्पाही हसला, कित्येक महिन्यांनी त्याला स्वतःचे हसणे ऐकू आले, आणि ते डोक्यात घणासारखे लागले नाही.

श्रावणात बेळगावात तपासणी झाली. डॉक्टर वयोवृद्ध होते. त्यांच्या खोलीत खुर्च्या कमी म्हणून तम्मण्णा खिडकीला टेकून उभा होता, शेजारी त्याचा वकील, तरुण आणि तरतरीत. डॉक्टरांनी आण्णाप्पाचे डोळे कापडाने बांधले आणि एकेक बाटली त्याच्या नाकाशी धरली. कापूर. काही नाही. हिंग. काही नाही. घासलेट, गुलाबाचे अत्तर, काही नाही. तो प्रत्येक वेळी सबंध छाती भरून श्वास घेई; इथे, या सगळ्यांसमोर, जिथे न येण्यातच त्याची सुटका होती, तिथेही त्याचे मन वेड्यासारखे वास शोधीत होते. एखादा तरी यावा. तुरुंग परवडला, पण एखादा तरी यावा. आणि मग आणखी एका बाटलीचे बूच निघाल्याचा आवाज झाला, त्याने श्वास घेतला, आणि नाकापासून कपाळापर्यंत सुई घुसल्यासारखे झाले. मान झटक्याने मागे गेली, बांधलेल्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. त्याला लहानपणीचा कल्हईवाला आठवला, भाता, पांढरा धूर, नाक दाबून पळणारी पोरे. "नवसागर!" तो ओरडला. "वास आला! नवसागर हाय! अगं, वास आला मला!"

"पकडला!" तरुण वकील उडी मारल्यासारखा म्हणाला. "डॉक्टरसाहेब, लिहून घ्या. आरोपीला वास येतो."

मारुतीराव पांढरे पडले. आण्णाप्पाने डोळ्यांवरचे कापड ओढून काढले. त्याला कोणाच्याच चेहऱ्याची पर्वा नव्हती. तो अक्काताईला शोधत होता. ती दाराशी उभी होती, आणि तिचा हात तोंडावर होता.

डॉक्टरांनी बाटलीला बूच लावले आणि तरुण वकिलाला बसायची खूण केली. "तुमची गल्लत होते आहे," ते संथपणे म्हणाले. "नवसागराच्या अर्काला वास आहे, परंतु त्याहून मोठा त्याचा डंख आहे. वास नेणारे तंतू वेगळे. ते मेंदूखालच्या चाळणीसारख्या हाडातून जातात, आणि डोके आदळले की केसासारखे तुटतात. डंख नेणारी शीर वेगळी, दणकट. ह्यांना कळला तो डंख. आता पाहा: जो माणूस सोंग करतो, त्याला वाटते, काहीच कळत नाही असे दाखवायचे. तो ह्या बाटलीलाही दगडासारखा बसून राहतो, आणि तिथेच सापडतो. हे गृहस्थ आनंदाने ओरडले. इतके खरे उत्तर मी आजवर ऐकलेले नाही." मग ते आण्णाप्पाकडे वळले आणि त्यांचा आवाज खाली आला. "बाबा, तो वास नव्हता. वास बहुधा आता परत येणार नाही. शब्द येतील हळूहळू, राग निवळेल. उन्हात हिंडू नका, झोप भरपूर घ्या, आणि घरच्यांनी सांभाळून घ्यावे."

एकाच वाक्याने माणूस निर्दोष ठरावा आणि त्याच वाक्याने त्याची अर्धी सृष्टी कायमची मिटावी, असे क्वचित घडते. आण्णाप्पा डोळे पुसत बसून राहिला. ते पाणी नवसागराचे होते की दुसरे कसले, हे त्यालाही सांगता आले नसते. जे जळते आहे ते जळते आहे असे अजून आपल्याला कळते. ती एक शीर दणकट राहिली. धुमसत्या वाकळेशी डोळे चुरचुरले होते ते हेच. ज्याने हे डोके घडवले, त्याने एवढे तरी सांभाळून ठेवले होते, आणि या म्हाताऱ्या डॉक्टराच्या हातातली एक बाटली नेमकी तिथपर्यंत पोहोचली होती. त्याने वाकून डॉक्टरांच्या पायांना हात लावला.

तम्मण्णा खिडकीपासून पुढे आला. "आण्णाप्पा, एकदा तरी सांगायचंस रं," तो म्हणाला. "येवढी वर्सं तुझ्या मानंवर माझी वखार चालली. एकदा म्हनायचं हुतंस, गड्या, नाक बंद हाय, आज दुसरा बघ. सांगायला बी नाकच आडवं आलं काय तुझं?"

"आलं," आण्णाप्पा म्हणाला.

"मुलखाचा येडा!" तम्मण्णा म्हणाला, आणि त्याने रुमालाने स्वतःचे डोळे टिपले. "ह्या बाटलीचा दर्प लई दांडगा बगा," असे तो कोणालातरी उद्देशून पुटपुटला. त्याचा वकील काही सांगू पाहत होता, पण तम्मण्णाने त्याला हातानेच थांबवले. फिर्याद काढून घ्यायला आणि कोर्टाची परवानगी मिळायला पुढे काही दिवस गेले, परंतु ती संपली त्या खोलीतच.

मारुतीरावांच्या घरून निघताना त्यांनी फी म्हणून काही घ्यायचे नाकारले. अक्काताईने माहेरच्या तांदळाची पुरचुंडी त्यांच्या उंबऱ्यावर ठेवली आणि ती मागे न पाहता चालू लागली. बाजारातून मोटारतळाकडे जाताना आण्णाप्पा दोन पावले मागे होता. ऊन ढगाआड होते. रस्त्यात पाटी घेऊन बसलेल्या एका म्हातारीपुढे केवड्याची कणसे होती, पिवळसर, लांब, करवतीसारख्या कडांची. अक्काताईची चाल तिथे किंचित मंदावली आणि पुन्हा पहिल्यासारखी झाली. तिला स्वतःलाही ते कळले नसेल. आण्णाप्पाला कळले. इतक्या वर्षांत तिची चाल केवड्यापाशी किती वेळा अशी मंदावली असेल, आणि डोळे मिटून जगाला हुंगणाऱ्या त्याला ते एकदाही दिसले नव्हते! तो थांबला आणि त्याने एक कणीस घेतले.

"हे काय आनि?" ती म्हणाली. "अवं, उद्या बाजार..." आणि थांबली. बाजार आता त्यांचा नव्हता.

तिथेच, एका बंद दुकानाच्या फळीवर बसून, त्याने कणसातले एक पान सोडवले. त्याच्या कडांना बारीक काटे होते. पारख्याची बोटे अजून त्याची होती. अंगठ्याच्या नखाने तो एकेक काटा खुडू लागला, तळापासून टोकापर्यंत, आधी एक कड, मग दुसरी. एक काटा बोटात शिरला. त्याने बोट तोंडात घातले आणि हसला. मग गुळगुळीत झालेले पान त्याने तिच्यापुढे धरले. तिने आजूबाजूला पाहिले, पदर नीट केला, पान दुमडून अंबाड्यात खोचले आणि मान खाली घालून बसली. त्या क्षणी ती उंबऱ्यातच उभी असलेली ती नवी नवरी होती, आणि या वेळी कोणाचा हात पुढे आला नाही.

त्याने सवयीने डोळे मिटले, श्वास घेतला. विहीर कोरडी होती. त्याने डोळे उघडले.

"कसा येतोय गं वास?" त्याने विचारले. "सांग की मला."

तिने बराच वेळ विचार केला. आजवर त्यांच्या घरात वास सांगण्याचे काम तिचे नव्हते.

"आमच्या वढ्याचं पानी असतंय न्हवं," ती म्हणाली, "पैलतीरावर ऊन पडल्यालं. आनि हिकडं आमी पोरी सावलीत पाय सोडून बसल्यालो. तसा."

आण्णाप्पाने हळूहळू मान हलवली. माल उतरल्यावर हलवीत असे, तशी.